आग्नेय कोपरा

माझा स्वभाव तापट आहे. हे मी वेगळं सांगायला नको, आमच्या लिफ्टमनलाही ते ठाऊक आहे. पण गेल्या दिवाळीनंतरचे आठवडे मी ज्या घरात काढले, तिथे एखादी गरीब गाय असती तरी तिने शिंगं उगारली असती.

घर म्हणजे लखनौच्या गोमती नगरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. माझा नवरा निरंजन इथल्या एका संशोधन संस्थेत भाताच्या जातींवर काम करतो आणि कापणीच्या हंगामात हिमालयाच्या पायथ्याशी, तराईतल्या शेतांवर जाऊन बसतो. रविवारी तोंड दाखवतो, तेही दाढी वाढलेलं. घरात उरतो आम्ही तिघी. मी, माझी आठ वर्षांची क्षितिजा आणि माझ्या सासूबाई, मालिनीबाई. मी त्यांना आई म्हणते.

त्या दिवसांत लखनौवर धूर उतरतो. सूर्य म्हणजे धुतलेल्या बशीसारखं काहीतरी पांढरं दिसतं आणि घसा कायम खरखरतो. त्यातच समोरच्या प्लॉटवर टॉवरचं बांधकाम चाललेलं. खिडकी उघडली की टेबलावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. म्हणून खिडक्या बंद. गॅलरीचं दार बंद, त्याच्या फटीला मी चिकटपट्टी लावलेली. आणि या बंद डब्यात आमच्याबरोबर झुरळं.

झुरळं कोणाच्या घरात नसतात. आधी मीही चप्पल उचलायची, मारायची आणि विसरायची. पण क्षितूची छाती वाजायला लागली. आधी सर्दी वाटली, मग धूर वाटला. मग एका सकाळी तिचे ओठ निळसर दिसले आणि मी तिला शालीत गुंडाळून, मिळाली ती ई-रिक्षा पकडून दवाखाना गाठला. तिथे तिला ठेवून घेतलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "धुआँ तो है ही, लेकिन असली दुश्मन घर के अंदर है. बच्ची को कॉकरोच से एलर्जी है."

झुरळाची विष्ठा, त्याच्या पंखांचा भुगा, हे हवेत मिसळतं आणि माझ्या लेकीच्या छातीत जातं. औषध फवारायचं नाही, त्या वासानेही अटॅक येईल. पण घर साफ व्हायलाच हवं. पुढचा अटॅक असाच आला तर तो वेळेवर आवरेलच असं नाही, हे त्यांनी फार सौम्य शब्दांत सांगितलं. इथले लोक वाईट बातमीही अदबीने देतात. ती तशी दिली की जास्त लागते.

तिला घेऊन कुठे जावं? सांगलीला माझ्या आईकडे? डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केलेली. इथे आमचं नात्याचं कोणी नाही. म्हणजे पोरीला जिथे धोका, तिथेच तिला कोंडून ठेवायचं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

तिला घरी आणलं त्या संध्याकाळी मी तिच्यासाठी पेज करायला ओट्याशी गेले, तर पातेल्याच्या कडेवर एक झुरळ मिशा हलवत बसलेलं. माझा तोल गेला. पातेलं सिंकमध्ये आपटलं, चप्पल काढली, झुरळ पळालं आणि मी भिंतीवर नुसती चप्पल मारत सुटले. तोंडाने म्हणत होते, "या घरातलं एखादं माणूस मेल्याशिवाय ही कीड जायची नाही."

आई दारात उभ्या होत्या. त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं, असं बोलू नये गं. पोर आत्ता दवाखान्यातून आलीय. वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हणू दे," मी म्हणाले.

आईंनी वाकून माझी चप्पल उचलली, दाराबाहेर नेऊन ठेवली आणि हात धुतले.

आईंबद्दल थोडं सांगायला हवं. मामंजी गेल्यावर त्या मिरजेहून आमच्याकडे आल्या. चारबाग स्टेशनवर उतरल्या तेव्हा एका हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यात देव. त्यांना हिंदी समजतं, धड बोलता येत नाही. बोलायला गेल्या की भाजीवाला हसतो, म्हणून त्या खाली जात नाहीत. नातीशी त्या मराठीत बोलतात, नात हिंदीत उत्तर देते, आणि दोघींचं उत्तम चालतं. बाकी दिवसभर बंद खिडकीशी बसून समोरच्या टॉवरचे मजले वर जाताना बघतात. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, बहुतेक वेळा एकाच दिवशी.

हा फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी एकच हट्ट केला. वास्तुशांत रीतसर झाली पाहिजे. झाशीहून मराठी गुरुजी आणले. स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यातली फरशी गवंड्याकडून उचलून घेतली, खाली खळगा केला आणि त्यात मातीच्या बोळक्यात घालून वास्तुपुरुष बसवला. छोटीशी चांदीची प्रतिमा, सोबत सप्तधान्य, दहीभात. वरून फरशी पुन्हा बसवली. गवंड्याला दुसरीकडे जायची घाई होती, त्याने पांढरं सिमेंट फासल्यासारखं केलं आणि गेला. त्या कोपऱ्याच्या पुढ्यात आमचा तांदळाचा डबा आला. सणासुदीला आई डबा सरकवून तिथे नैवेद्य दाखवतात, हे मला माहीत होतं. घराचा यजमान तो, त्याला उपाशी ठेवून आपण जेवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यात मला कधी काही गैर वाटलं नाही.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलवाले तिवारीजी आले. फवारा नाही, फक्त जेल. ओट्याखाली, बिजागऱ्यांत, फ्रिजच्या मागे त्यांनी तपकिरी ठिपके लावले. झुरळ ते खातं, घरट्यात जाऊन मरतं, त्याला बाकीची खातात आणि तीही मरतात. ऐकून मला किळस यायला हवी होती. मला बरं वाटलं.

तिवारीजी तांदळाचा डबा सरकवायला गेले, तेव्हा आई मध्ये उभ्या राहिल्या. "उधर नहीं," त्या म्हणाल्या. "उधर हमारा देव है."

तिवारीजींनी लगेच हात मागे घेतला आणि नमस्कार केला. "नहीं माताजी, भगवान की जगह हम नहीं छुएँगे." मग माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणणार होते? आदल्या संध्याकाळचं माझं बोलणं अजून त्या स्वयंपाकघरात लोंबत होतं. शिवाय फरशीखाली सिमेंटात पुरलेल्या देवाशी झुरळांचं काय काम? मी म्हणाले, "रहने दीजिए."

जेलने चार-सहा दिवस मेलेली झुरळं दाखवली. मी ती सुपलीत भरताना अक्षरशः गुणगुणत होते. मग मेलेली दिसायची थांबली आणि जिवंत वाढली. बारकी, पिवळट पिल्लं, दिवसाढवळ्या ओट्यावर. क्षितूची शाळा बंदच होती. ती पलंगावर उशांना टेकून बसायची, नाकाला वाफेच्या मशीनचा मास्क, आणि मास्कमधून विचारायची, "आई, आज कितने मारे?"

तिवारीजी पुन्हा आले. जेलचे ठिपके जसेच्या तसे वाळलेले. त्यांनी मान हलवली. "मैडम, इनको कहीं और अच्छा खाना मिल रहा है. पेट भरा हो तो दवा कौन खाए?"

झालं. मी घरावर धाड घातली. पीठ, रवा, साखर, सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत. कचऱ्याची बादली दाराबाहेर. उष्टी भांडी क्षणभर सिंकमध्ये नाहीत. कामवाली सरोज, तिला मी पोळीचा तुकडा पडला म्हणून इतकं बोलले की ती दोन दिवस आलीच नाही. क्षितूला जेवण फक्त ताटावर वाकून, खाली शीत सांडता कामा नये. ती बिचारी घास चावतानाही माझ्याकडे बघायला लागली. आईंना मी म्हणाले, "तुमच्या पिशवीत काही खाऊ आहे का? लाडू, खारीक, काही?" त्यांनी मुकाट्याने पिशवी माझ्यासमोर उपडी केली. जपमाळ, मामंजींचा चष्मा, विक्सची डबी. मला लाज वाटली, पण माफी मागण्याइतकी नाही.

घर असं चकाचक झालं की भूक लागली तर आम्हालाच काही मिळू नये. आणि झुरळं तशीच. धष्टपुष्ट, चकचकीत. कोण खायला घालतंय यांना, या एकाच विचाराने मी भणभणले होते. कोणीतरी गुन्हेगार आहे आणि तो मला सापडला तर मी त्याची गय करणार नाही, हे मी रोज फोनवर निरंजनला ऐकवत होते. तो म्हणायचा, "शांत हो." तराईतल्या मोकळ्या हवेत बसून शांत व्हायला काय जातं.

त्या बुधवारी सकाळी क्षितूला पुन्हा त्रास सुरू झाला. पंप दिला, वाफ दिली, डॉक्टरांशी बोलले. त्या म्हणाल्या, दुपारपर्यंत बघा, कमी नाही झालं तर लगेच घेऊन या. तिला निजवलं, दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावला आणि मी स्वयंपाकघरात आले. हाताला काहीतरी काम हवं होतं, नाहीतर मी रडले असते. पेजेला तांदूळ काढायला गेले. डबा जवळपास रिकामा झाला होता म्हणून तो उचलून पुढे घेतला.

मागे, कोपऱ्यात, देवपूजेतली छोटी स्टीलची ताटली होती. स्वच्छ. धुतल्यासारखी नाही, चाटल्यासारखी. कडेला तुपाचा एक पुसट ओशट वळसा आणि वाळलेलं तुळशीचं पान. ताटलीभोवती पाणी फिरवल्याची गोल खूण, एकावर एक, पुष्कळ दिवसांची. आणि तिच्या पलीकडे फरशीच्या कडेचं पांढरं सिमेंट निघून गेलेलं. त्या काळ्या फटीतून दोन मिशा बाहेर आल्या होत्या, हलत होत्या.

काखेत कळसा नि गावाला वळसा. मी तिथेच खाली बसले.

"अगं, त्याला शिवू नकोस," मागून आई म्हणाल्या. "आंघोळ झाली का तुझी?"

"आई, तुम्ही इथे नैवेद्य ठेवता? रोज?"

"रोज." त्या थोड्या ओशाळल्या. "तुला सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, हे काय नवीन. वरणभाताची एवढीशी मूद, वर तूप. रात्रीची जेवणं झाली की ठेवते."

"कधीपासून?"

त्या हळू म्हणाल्या, "तू ते बोललीस ना, त्या संध्याकाळपासून. रागात बोललीस, मला कळतं. पण त्याला कुठे कळतं, राग आणि खरं. त्याने तथास्तु म्हटलं असेल तर? म्हणून रोज त्याला जेवू घालते आणि सांगते, लेकरू आहे, मनावर घेऊ नकोस. घ्यायचंच तर मला घे, माझं सगळं पाहून झालंय."

"आणि उचलता कधी? नैवेद्य दाखवून उचलतात ना?"

"उचलायला उरतं काय?" आईंचा चेहरा उजळला. या घरात आल्यापासून मी तो असा उजळलेला पाहिला नव्हता. "पहिल्या दिवशी विसरले उचलायला. सकाळी बघते तर ताटली स्वच्छ. तेव्हापासून ठेवूनच देते. रोज जेवतो तो, उत्कर्षा. एक शीत सोडत नाही. मिरजेला इतकी वर्षं केलं, कधी असं झालं नाही. मी म्हटलं, म्हणजे ऐकलं त्याने. आता क्षितू बरी होणार."

गेले कित्येक दिवस मी ज्याला शोधत होते तो गुन्हेगार माझ्यासमोर उभा होता. मऊ पातळ नेसलेला, हाताची बोटं एकमेकांत गुंतवून. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. देव नाही, झुरळं जेवतात, आणि तीच तुमच्या नातीचा गळा दाबतात. ते वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. ते बोललं तर ही बाई पुन्हा उभी राहणार नाही, हे मला दिसत होतं. नाही बोललं तर आज रात्री पुन्हा वरणभात. आणि तिला जर मी हे सांगितलं, तर पुढचंही मलाच ऐकावं लागणार होतं. तिला हात जोडायला लावलं कोणी? भरल्या घरात ते अभद्र बोललं कोण?

"आई," मी म्हणाले, "ही फरशी उचलावी लागेल."

"का?"

मी, जिचं तोंड कधी बंद नसतं, ती नुसती ताटलीकडे बघत बसले.

तेवढ्यात आतून क्षितू खोकली. खोकला संपला आणि मागे ती शिट्टी सुरू झाली, बारीक, ओढलेली. दाराला टॉवेल लावलेला असूनही ऐकू आली. आम्ही दोघी ती ऐकत असतानाच फटीतून ते झुरळ पूर्ण बाहेर आलं. मोठं, तपकिरी. इकडेतिकडे गेलं नाही. रोजची वाट असावी तसं सरळ ताटलीवर चढलं आणि तुपाच्या ओशट वळशाला तोंड लावलं. त्याच्यामागून दुसरं आलं.

आई बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्या म्हणाल्या, "ही जेवतात होय."

मी मान हलवली.

"आणि डॉक्टर म्हणाल्या ते यांच्यामुळे."

"आई, ती आधीपासून होतीच. पाइपांच्या डक्टमधून येतात. सगळ्या बिल्डिंगमध्ये आहेत."

"पण पोसली मी." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी करपली असं सांगावं तसा. "ती जितकी आजारी पडली, तितकं तूप मी वाढवलं गं."

तेव्हा मी रडले. त्या नाही रडल्या. मी त्यांचे पाय धरले की पदर धरला, मला आठवत नाही. "मी बोलले म्हणून तुम्ही वाढलंत," मी म्हणाले. "माझ्या तोंडाने केलं हे."

"असेल," आई म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. "ऊठ आता. उलथनं आण."

उलथन्याचं टोक फटीत घालून मी जोर दिला. फरशी सहज सुटली, कधीचीच सुटलेली होती. खाली जे होतं ते मी नीट सांगणार नाही. बोळकं फुटलेलं, धान्याचा भुगा, तपकिरी अंड्यांचे कोश आणि सगळा खळगा सळसळत असलेला. मी उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन तयार होते. आईंनी मला हाताने थांबवलं, पातळ खोचलं आणि सोवळ्याओवळ्याचा जन्मभराचा हात कोपरापर्यंत त्या घाणीत घातला. झुरळं त्यांच्या मनगटावरून वर पळाली. त्यांनी ती झटकलीसुद्धा नाहीत. चाचपून चाचपून त्यांनी ती काळी पडलेली प्रतिमा बाहेर काढली, करंगळीएवढी.

"ओत," त्या म्हणाल्या.

मी ओतलं. पुन्हा उकळलं, पुन्हा ओतलं. तिवारीजींना फोन करून खळग्याला काय लावू, कसं बुजवू ते विचारलं. आई नळाखाली त्या प्रतिमेला साबणाने धूत होत्या, नातीचे हात धुवावेत तशा. "बरं झालं बाहेर आला," त्या पुटपुटल्या. "आत किती कोंडलं असेल त्याला." मग त्यांनी त्याला देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. नैवेद्य ठेवला नाही. नुसता हात जोडला, तोही एकच, कारण दुसऱ्या हातात फडकं होतं.

दुपारपर्यंत खळगा बुजला. त्याने सगळं संपलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. कपाटांमागे, पाइपांमागे, डक्टमध्ये ती होतीच. आता निदान उपाशी होती.

क्षितूला दवाखान्यात न्यायला मी गाडी बोलावली. तिला स्वेटर घातला. ती बाहेरच्या दाराकडे जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबली. पांढराफटक चेहरा, उघडं तोंड, प्रत्येक श्वासाला खांदे वर. ओली फरशी, आजीचे लाल झालेले हात, माझे सुजलेले डोळे, सगळं तिने बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "कॉकरोच चले गए?"

त्याच वेळी तिच्या मागे, दाराच्या चौकटीवरून, एक पिल्लू वर चाललं होतं. मी ते पाहिलं. आईंनीही पाहिलं. माझा हात सवयीने चपलेकडे गेला आणि तोंडात शिवी आली.

"गेली हो बाळा," आई मोठ्याने म्हणाल्या, घराच्या चारही भिंतींना ऐकू जाईल अशा आवाजात. "सगळी गेली. आता तू बरी होणार."

एवढं बोलून त्या थांबल्या, मान किंचित वाकडी करून. त्या कशाची वाट बघतायत ते मला कळलं. मी या गोष्टी मानत नाही, कधीच मानल्या नाहीत. मी हात चपलेवरून काढला.

"गेली," मीही म्हणाले. "क्षितू बरी होणार." आणि मीही कान देऊन उभी राहिले.

घरात क्षितूच्या छातीतल्या शिट्टीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी तिला उचललं, आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत आई उंबऱ्यात उभ्या राहून तेच तेच म्हणत होत्या.